शेळीनं खाल्लेली फीत

पहाटे पावणेसहाला ताम्हिणीच्या अलीकडच्या शाळेत
दोनशे दहा माणसं बूट आवळत होती.
मी एकशे सदतीस. छातीवर चार पिना,
त्यातली एक बनियनमध्ये अडकलेली.
बायकोनं तिळाच्या वड्यांचा डबा दिला होता,
एक जरी परत आली तर बघ, म्हणाली.

पहिले पाच किलोमीटर कुणाचंच काही बिघडत नाही.
डांबर, मग लाल माती, मग बांधावरून एका रांगेत
पुढच्याच्या पोटऱ्या बघत,
मागच्याचा श्वास मानेवर घेत.
मग कारवी सुरू होते.
दोन्ही बाजूंनी वाळक्या काठ्या,
आणि चढ असा, की गुडघा
हनुवटीशी बोलायला येतो.

इथे धावत कुणीच नाही, हे आधी कुणी सांगत नाही.
मांडीवर तळवे दाबून चालतात सगळे.
वेताळ टेकडीला रोज तीन फेऱ्या मारणारे घैसाससुद्धा,
जे कालपर्यंत मला दम कसा राखायचा ते समजावत होते.
आता समजावत नाहीत.

अप्पा बळवंत चौकात माझं चष्म्याचं दुकान आहे.
सत्तावीस वर्षं लोकांना विचारतोय,
हे स्पष्ट की हे? की आधीचं बरं होतं?
तर चौदाव्या किलोमीटरला, हिरड्याच्या दाट रानात
मला पुढची फीत दिसेना.

केशरी फीत, दर पन्नास पावलांवर, असं ठरलं होतं.
इथे तीन वाटा. तिन्ही सारख्याच मळलेल्या.
डावीकडे गेलो, ओढ्यात उतरलो, परत वर आलो.
मधल्या वाटेनं गेलो, कातळ आला, वाट संपली.
वर कुठेतरी शेकरू खाकरलं.
घड्याळ पळत होतं, मी उभा.

मग शेळ्या आल्या.
मागे एक मुलगी, दहा-अकराची,
पायात दोन वेगळ्या चपला.
एका शेळीच्या तोंडातून केशरी टोक लोंबत होतं.
मी शेळीकडे बघितलं, शेळीनं माझ्याकडे.
चघळणं थांबवलं नाही.

“तुमची व्हय ती? सकाळधरनं चार खाल्ल्या हिनं.”
मग हसू दाबून,
“मघाशी अजून एक म्हातारा हितंच फिरत व्हता.”
त्यातला ‘अजून’ मला लागला,
गुडघ्यापेक्षा जास्त.

नाव ठकू कोकरे. ती पुढे निघाली.
ती चालत होती, मी धावत होतो,
आणि अंतर वाढत होतं.
मागे न बघताच सांगायची,
त्या धोंड्यावर नगं, त्यो फिरतो.
ह्यो नाय फिरत.
खिंडीत थांबली. आता खाली जावा,
तितं माणसं बटाटं वाटत्यात.
मी डबा पुढे केला. तिनं दोन वड्या घेतल्या,
एक वास घेऊन खाल्ली,
दुसरी त्याच शेळीला दिली.

बटाट्यांपाशी मृण्मयी नावाची स्वयंसेविका
घड्याळ धरून उभी. काका, चारच मिनिटं उरलीत.
मीठ लावलेला अर्धा बटाटा तोंडात, अर्धा मुठीत,
कोकमाचं सरबत दाढीवर,
आणि उतार.
उतारावर माणूस धावत नाही,
पडणं पुढे ढकलत राहतो.
एकदा ढकलता आलं नाही. कोपर सोललं.
मुठीतला बटाटा मात्र सुटला नाही.

पाच तास बावन्न मिनिटं. एकशे एकोणनव्वदावा.
घैसास अर्ध्या तासानं आले, टेबलं आवरत असताना.
मोज्यांवर ओढ्याचा चिखल.
कुठे अडकलात?
पोटरीत गोळा आला, म्हणाले.
मी मान हलवली. माझ्याही मोज्यांवर
तोच चिखल होता, ते त्यांनी पाहिलं असणार.

घरी बायकोनं डबा उघडला. रिकामा. खूष झाली.
मी शेळीचं काही बोललो नाही.
रात्री दिवा मालवल्यावर पाय अंथरुणात
उतरतच होते.
डावा तळवा चादरीची एकेक घडी चाचपायचा,
हा फिरतो,
हा नाही.